चिमणीचं लिक्विड आणि आबांची पद्मिनी

आमच्या आबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी अजून चालते. रविवारी रंकाळ्यापर्यंत जाऊन येते, तेवढंच. गेल्या दिवाळीआधी तिचं चमकणारं सगळं लख्ख करायचं मी मनावर घेतलं. घरची तांब्या-पितळेची भांडी मीच घासते, म्हटलं, ह्यात काय अवघड!

खिडकीखालच्या पट्टीवर जुना तेलकट थर होता. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी धुवायचं लिक्विड घेतलं आणि फासलं. दोन मिनिटांत पट्टीवर सोड्यासारखे बुडबुडे यायला लागले. मला वाटलं, मळ निघतोय. धुतल्यावर पाहिलं तर पट्टीवर पांढरे चट्टे, कोड फुटल्यासारखे. आबा बघून गेले, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

धाकटा भाऊ इलेक्ट्रिकलवाला. त्याने दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पट्टीला मल्टीमीटर लावला. काटा हललाच नाही. "ताई, हे नुसतं ॲल्युमिनियम नव्हे, ॲनोडाइज केलंय, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा कडक थर चढवलाय. तो थर वीज जाऊ देत नाही." मग माझ्या चट्ट्यांवर टेकवला, तर काटा सरळ शेवटाला. त्या लिक्विडमध्ये कॉस्टिक सोडा होता. त्याने तो थर खाल्ला आणि मग खालच्या ॲल्युमिनियमला हात घातला. बुडबुडे हायड्रोजनचे होते, मळाचा काही संबंध नव्हता. आणि मी हे हातमोजे, चष्मा काही न घालता करत होते!

तेव्हापासून आधी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरते. बंपरला चिकटतं, म्हणजे खाली पोलाद आणि वर निकेल-क्रोम. पट्टीला चिकटत नाही. स्टेनलेसची मात्र गंमत आहे, काही चिकटतं, काही नाही, तेव्हा एकट्या चुंबकावर विसंबू नये. पॉलिशचं फडकं काळं झालं, तर समजायचं उघडं ॲल्युमिनियम.

बंपरवर गंजाचे बारीक ठिपके होते. क्रोमचा थर बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा नसतो. क्रोम गंजत नाही, त्याच्यातल्या बारीक छिद्रांतून खालचं पोलाद गंजतं. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा केला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे उठत नाहीत, पण वाळूचा एक कण अडकला तरी वाट लागते, म्हणून आधी धुऊन घ्यायचं. कॉफीच्या गाळासारखं तपकिरी पाणी ओघळलं. पुसून पाहिलं तर ठिपक्यांच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिलेत, पण बाकीच्या बंपरमध्ये माझा चेहरा दिसत होता. मग मेण. हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना. रंगाच्या कडेला मास्किंग टेप. आणि बॉनेटमध्ये फॉइल किंवा तारेचा काथ्या घेऊन शिरायचं असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. ब्रेकच्या भागांना मेण-पॉलिशचा हात लावायचा नाही, हे आबांचं.

व्हील कॅप मात्र शिवाजी उद्यमनगरात एका बफिंगवाल्याकडे, म्हणजे मशीनच्या फिरत्या चाकावर धातू घासून चमकवणाऱ्याकडे, नेल्या. तो उघड्या हाताने काम करत होता. मी शहाणपणा केला, "दादा, हातमोजे नाहीत?" तो हसला. "मोजा चाकात गेला की मागोमाग हात जातोय की." वस्तू तो चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला टेकवत होता, सुटली तर जमिनीकडे जावी, छातीकडे नाही. माझी ओढणी लोंबत होती. त्याने मशीन बंद केलं आणि मला बाहेरच्या स्टुलावर बसवलं.

डाव्या बाजूची पट्टी अजून तशीच आहे. भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय, मिळालेली नाही. आबा हल्ली गाडी लावताना डावी बाजू भिंतीकडे घेतात.