डॉक्सीची गोळी आणि तांब्याभर पाणी

आमच्या कुडाळकडे पाऊस नीट लागला, लावणी सुरू झाली की मेडिकलच्या काउंटरवर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या वाढतात. सगळे तिला नुसतं ‘डॉक्सी’ म्हणतात. कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून हे जंतू शेताच्या पाण्यात उतरतात आणि दिवसभर चिखलात भिजून मऊ पडलेल्या, कुठे काप गेलेल्या पायांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचं नाव मुंबईत घरोघरी पोचलं. आमच्याकडे तो दर पावसाळ्याचा घोर आहे.

मी फार्मासिस्ट आहे. गोळी कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. पण ती घशाखाली कशी उतरवायची हे सांगायचं काम माझं, आणि ते मी गर्दीतही सोडत नाही. कारण डॉक्सीच्या बाबतीत निम्मा त्रास घेण्याच्या पद्धतीमुळेच होतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकी दिवसभर लावणी करून दमून यायच्या. जेवण आटोपलं की अंथरुणावर बसून घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायच्या आणि लगेच आडव्या व्हायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत अशी आग सुरू झाली की घास गिळवेना. घरच्यांना वाटलं, हृदयाचंच काहीतरी. डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं, कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकून विरघळली होती आणि तिथे व्रण पडला होता. डॉक्सी आम्लधर्मी आहे. एका जागी चिकटून राहिली तर आतलं अस्तर भाजून काढते. काकी बऱ्या झाल्या, पण गोळीची भीती बसली. औषध बरोबर होतं. ते कसं घ्यायचं, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते: बसून किंवा उभ्याने, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं पडू नका. रात्रीची गोळी अगदी झोपताना नको, जेवणानंतर लगेच घेऊन टाका. उपाशीपोटी मळमळत असेल तर आधी पेज प्या, भात खा. त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. “मी चायवांगडा घेतलंय,” म्हणजे चहाबरोबर घेतली, असं सकाळी हमखास ऐकू येतं. दुधातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि ती रक्तात कमी उतरते. याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनइतका मोठा फरक पडत नाही, पण आजारात तेवढाही कशाला? आम्लपित्तावरची पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या याहून वाईट, आणि सगळ्यांत वाईट लोहाच्या गोळ्या. आमच्याकडे कितीतरी बायका रक्त कमी म्हणून लोह घेत असतात, आणि डॉक्टरांपुढे ते ‘औषध’ म्हणून सांगायचं त्यांच्या लक्षातच येत नाही. लोह चालू असताना डॉक्सी शरीरातून लवकर निघून जाते, नुसतं वेळेचं अंतर ठेवून पुरेसं होईलच असं नाही. म्हणून चिठ्ठी लिहून घेतानाच सांगा. लोह काही दिवस थांबवायचं का, ते डॉक्टर बघतील. दिवस गेलेले असतील किंवा गोळी आठ वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर तेही आधी सांगायचं. आशाताई पावसाळ्यात प्रतिबंधक गोळ्या देतात, तेव्हाही.

ऊन पडलं तर डोकं, हात झाकून शेतात जा; या गोळीवर कातडी एरवीपेक्षा लवकर भाजते. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत. अंगावर पुरळ उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठा.

मला खरी काळजी वाटते ती डब्यात उरलेल्या गोळ्यांची. ताप आला की मागच्या वर्षीच्या दोन गोळ्या घ्यायच्या, उतरला नाही तर डॉक्टरांकडे जायचं, असं बरीच घरं करतात. पण पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असतो. डेंग्यू विषाणूचा, त्यावर डॉक्सी काहीच करत नाही, आणि हातातले मोलाचे दोन दिवस जातात. ताप लेप्टोचाच असला तरी अर्धवट गोळ्यांनी निदान अवघड होतं. त्यात आमची दमट हवा. मुदत संपलेली, ओल लागलेली टेट्रासायक्लिन गटाची औषधं मूत्रपिंडाला इजा करू शकतात, हे जुन्या काळापासून माहीत आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे: चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, शेजारी रागावले तरी.

शेतात काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चिखलात काम केल्याचं आपणहून सांगा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर घरात गोळी शोधत बसू नका. तेव्हा दवाखान्यात दाखल होऊन इंजेक्शनंच लागतात. आधी घेतलेल्या गोळ्यांची स्ट्रिप, रिकामी असली तरी, बरोबर न्या.