शून्य की ‘ओ’: जुनी होबी कॅट घेतल्याचा अनुभव

जुनी कॅटमरान, म्हणजे दोन अंगांची शिडाची होडी, घ्यायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी होडीवर कोरलेला क्रमांक आणि मालकीपत्रावरचा क्रमांक एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहावा. मी ते केले नाही आणि त्यापायी उन्हाळ्याचे अकरा आठवडे गमावले, म्हणून हे आधी लिहितो. डागडुजीचे नंतर सांगेन.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. माझे आजोळ देवगडचे असल्यामुळे उलांडीच्या (बाजूला तोलाचे लाकूड बांधलेल्या) होडीत बसण्याची सवय लहानपणापासून होती, परंतु शीड हाताळण्याचे ज्ञान म्हणाल तर दोन शनिवार-रविवारच्या प्राथमिक वर्गापुरतेच. शिकवणाऱ्यांनीच सुचवले की मोठ्या नौकेच्या नादी न लागता होबी कॅटपैकी जुनी होबी 16 शोधा. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियात आलेली ही दोन अंगांची होडी 16 फूट 7 इंच लांब आणि सुमारे 145 किलो वजनाची असते; तिची अंगे केळ्यासारखी वाकलेली असून खाली पाण्यात उतरणारे पाते नसते, त्यामुळे ती थेट वाळूवर चढवता येते. ट्रेलरसकट अकराशे डॉलरना व्यवहार ठरला. विकणारे गृहस्थ म्हणाले, 1988 ची आहे. मी मान डोलावली.

टेक्सासमध्ये 14 फूट किंवा त्याहून लांब शिडाच्या होडीला, तिला इंजिन नसले तरी, मालकीपत्र आणि नोंदणी लागते. अर्ज भरला, विक्रीची पावती जोडली, सव्वासहा टक्के कराचा हिशेब करून धनादेशही लिहून ठेवला आणि अर्ध्या तासात मोकळे होऊ अशा समजुतीने नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी क्रमांक टंकला, पुन्हा टंकला, आणि कागद माझ्याकडे सरकवला. अर्जात मी होडीवर दिसले तसे शून्य लिहिले होते. जुन्या मालकीपत्रावर त्याच जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर होते. “होडीवर नक्की काय आहे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, शून्य. त्यावर त्यांचे उत्तर असे की मग ही होडी या कागदावरची नव्हे.

दुसऱ्या खेपेस पुरावा नेला. उजव्या अंगाच्या मागच्या टोकाला, कोणीतरी निष्काळजीपणे फासलेल्या पांढऱ्या रंगाखाली तो क्रमांक दडलेला होता. चिंधी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून रंग उतरवला, वर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून ठसा उमटवत असू, अगदी तसेच. बारा अक्षरे एकामागून एक वर आली. घरी बसून त्या क्रमांकाची रचनाही समजून घेतली. पहिली तीन अक्षरे कारखान्याची, पुढची पाच अनुक्रमाची, शेवटची चार काळाची. त्या अनुक्रमात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरायचीच नाहीत, असा अमेरिकेचा संघीय नियम आहे. म्हणजे तेथे ‘ओ’ असणे शक्यच नव्हते. ती टंकताना झालेली चूक होती. शेवटची चार अक्षरे ‘एम82डी’ अशी निघाली. त्या काळच्या पद्धतीत वर्ष आदल्या ऑगस्टपासून मोजत आणि ऑगस्टला ‘ए’ म्हणत, तेव्हा ‘डी’ म्हणजे नोव्हेंबर. 1988 ची म्हणून घेतलेली होडी नोव्हेंबर 1981 ची निघाली. मालकीपत्रावरही 1982 असेच छापलेले होते, पण क्रमांक न वाचणारा वर्ष कशाला वाचतो!

नियमाची छापील प्रत, ठसा आणि छायाचित्रे पाहून बाई सौजन्याने म्हणाल्या की तुमचे बरोबर असेलही, परंतु ते मी ठरवू शकत नाही. अधिकाऱ्याने होडी प्रत्यक्ष पाहिली पाहिजे. अधिकाऱ्याची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. मध्यंतरी आमच्या वसाहतीच्या संघाचे पत्र आले की घरासमोर रस्त्यावरून दिसेल अशी होडी ठेवता येणार नाही. ट्रेलर कुंपणाआड ढकलला, पण साडेसव्वीस फुटांची डोलकाठी कशीही तिरकी केली तरी गॅरेजमध्ये मावेना. शेवटी ती मागच्या भिंतीलगत आडवी ठेवून वर भोपळ्याचा वेल चढू दिला. पाच आठवड्यांनी अधिकारी आले, वाकले, विजेरीचा झोत टाकला आणि दोन मिनिटांत सही करून गेले. त्यानंतर दुरुस्तीच्या अर्जावर जुन्या मालकाचीही सही हवी असे कळले, आणि ते गृहस्थ नेमके परगावी! तेव्हा व्यवहाराच्या दिवशीच विकणाऱ्याला कार्यालयात सोबत न्यावे, हा माझा दुसरा सल्ला. ट्रेलरचे कागद वेगळे असतात. तेही त्याच दिवशी मागून घ्यावेत.

या रखडपट्टीत डागडुजीला मात्र वेळच वेळ मिळाला. माठ घेताना टिचकी मारून पाहतो तसे नाण्याने सगळे अंग वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठीक; बद्द वाजले तर फायबरग्लासचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे असे समजावे. आमच्या होडीत पुढच्या खांबाजवळ तळहाताएवढा भाग बद्द होता. तेथे इंचाइंचावर बारीक छिद्रे पाडली, ड्रिलचे टोक वरच्या थरापलीकडे फारसे जाऊ दिले नाही आणि सिरिंजने इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरले. पहिला प्रयत्न जूनमधल्या भर दुपारी केला. कपातले मिश्रण हातातच तापून धुरावले. मग सर्वांत सावकाश घट्ट होणारा हार्डनर आणला आणि पहाटे साडेपाचला काम केले. गळती शोधायला साबणाचे पाणी फासून निचऱ्याच्या भोकातून तोंडाने फुंकावे. कॉम्प्रेसर लावल्यास जोडच उकलायचे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा वरून कितीही चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात. येथे मी एरवीचा चिक्कूपणा केला नाही, याचा मला अभिमान आहे. आणखी एक आठवले: आमच्यासारखी जुनी डोलकाठी टोकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमची असते. नंतरच्या काळात विजेच्या तारांना लागून अपघात होऊ नयेत म्हणून वरचा भाग फायबरग्लासचा केला गेला. तेव्हा ती उभी करण्यापूर्वी आधी आकाशाकडे पाहावे.

मालकीपत्र सप्टेंबरमध्ये टपालाने आले. नोंदणीचा क्रमांक दोन्ही अंगांच्या पुढच्या भागावर किमान तीन इंच उंचीच्या अक्षरांत लावावा लागतो, म्हणून चिकटवायच्या अक्षरांचे पाकीट आणले. आमच्या क्रमांकात एक शून्य आहे. पाकिटात शून्य आणि ‘ओ’ एकाच पानावर शेजारी शेजारी होते. बायकोने चष्मा लावून दोनदा पाहिले आणि मगच मी कागद सोलला.