प्रागचं तिकीट आणि तिसरी चौकट

मिरजेहून निघताना मावशीने विचारलं होतं, "मग नाताळच्या सुट्टीत कुठे? पॅरिस का स्वित्झर्लंड?" युरोपात शिकायला जाणारी मुलगी सुट्टी लागली की बॅग उचलून निघते, असं आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मीही धरलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत मी सर्वांत जास्त वेळा जिथे गेले ती जागा म्हणजे आमच्या शहरातलं परदेशी लोकांचं ऑफिस, आउसलेंडरबेहोर्डं. शहराचं नाव लिहीत नाही. पूर्व जर्मनीत आहे एवढं पुरे.

झालं असं की माझा व्हिसा तीनच महिन्यांचा होता, १४ सप्टेंबर ते १३ डिसेंबर २०२४. तेवढ्या काळात इथे पोचून पत्ता नोंदवायचा, बँक आणि विमा उरकायचा आणि मग राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे त्या प्लास्टिकच्या कार्डासाठी, अर्ज करायचा. पत्त्याची नोंद एका सकाळी झाली, बँकेचं काम फोनवर. त्यावर लिहिण्यासारखं काहीच नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघींनी सुट्टीचा बेत केला. २१ डिसेंबर ते २ जानेवारी: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि परत. स्वस्त पडतं म्हणून तिकिटं आणि होस्टेल तेव्हाच बुक केली, पैसे परत न मिळणारी. माझा व्हिसा १३ डिसेंबरला संपतोय हे मला माहीत होतं. तोवर कार्ड हातात असेल, असं मी समजून चालले होते. हा माझा शहाणपणा. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलं जातं. तुमची कागदपत्रं पाहून ऑफिसने ऑर्डर दिली की त्यानंतर चार ते सहा आठवडे. आणि ऑर्डर देण्याआधी तुम्हाला भेटीची वेळ मिळायला हवी. तिला इथे टर्मिन म्हणतात. पंधरा दिवसांत आम्हा सगळ्यांच्या मराठीत तो शब्द घुसतो. "टर्मिन मिळाला का?" हा आमचा नमस्कार.

टर्मिनचं पोर्टल सकाळी सातला नव्या वेळा टाकतं असं सीनियर्स सांगायचे. मी पावणेसातला उठून, चहा बाजूला ठेवून, ती चित्रातली अक्षरं भरायचे. सात वाजून एक मिनिटाने उत्तर एकच: सध्या एकही वेळ उपलब्ध नाही. असं रोज, सलग पाच आठवडे. रविवारीसुद्धा बघायचे, म्हणजे माझी अवस्था समजा. एकदा २६ फेब्रुवारीची वेळ दिसली. मी क्लिक करेपर्यंत तीही गेली.

शेवटी पुण्याची एक ताई, जी इथे दोन वर्षं आधी आली होती, ती म्हणाली, "अगं, टर्मिनची वाट बघत बसू नकोस. आधी ऑनलाइन अर्ज टाक. व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला पाहिजे, बाकी त्यांचं ते बघतील." ११ नोव्हेंबरच्या रात्री पावणेअकराला मी अर्ज टाकला: ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा, कागद (तेव्हा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२), विमा, भाडेकरार, विद्यापीठाचं प्रवेशपत्र. मिनिटभरात आपोआप येणारं मेल आलं. अर्ज मिळाला, कृपया चौकशी करू नका. ते मेल मी प्रिंट काढून ठेवलं. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. बाबा तलाठ्याच्या ऑफिसातून आले की प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढायचे, ती सवय असावी.

चौकशी करू नका म्हटलं तरी मी तीन मेल पाठवली. दोन इंग्रजीत, त्यांना उत्तर नाही. तिसरं जर्मनमध्ये, मैत्रिणीकडून तपासून घेऊन, आणि विषयाच्या ओळीत व्हिसा संपण्याची तारीख. सोबत प्रागचं तिकीट जोडलं. त्याला चार दिवसांत उत्तर आलं: १७ डिसेंबर, सकाळी १०.२०. तुम्ही मेल लिहाल तेव्हा पहिल्यापासून असंच लिहा.

मधल्या काळात, म्हणजे १३ तारखेनंतर, आई रोज फोनवर विचारायची, "तुझा व्हिसा संपला ना गं? मग तू तिथे राहतेस कशी?" मी सांगायचे, अर्ज वेळेत केला की आधीची परवानगी चालू राहते. "कागद आहे का तसा?" कागद नव्हता. "मग जाऊच नकोस कुठे." आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तो कागद म्हणजे फिक्शन्सबेशायनिगुंग. आम्ही नुसतं फिक्शन म्हणतो, आणि कादंबरी कधी येणार अशी चेष्टाही करतो. कार्ड येईपर्यंत हातात द्यायचा, घड्या घातलेला एक तात्पुरता कागद. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीत फुली. तुम्ही सुट्टीत देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता की नाही, हे ती फुली कुठल्या चौकटीत आहे त्यावर ठरतं. पहिली चौकट जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम ८१, पोटकलम ३ ची: तुमचं इथे राहणं कायदेशीर आहे, पण बाहेर गेलात तर या कागदावर परत येता येत नाही. तिसरी पोटकलम ४ ची: आधीचा व्हिसा चालू आहे असं मानलं जातं, म्हणजे बाहेर जाऊन परत येता येतं. हे ऑफिसात तुम्हाला कोणीही समजावून सांगत नाही. मला ताईने आदल्या रात्री मेसेज केला होता: "फिक्शन हातात आलं की खोलीतून बाहेर पडायच्या आत तिसरं पान बघ. खालची चौकट हवी."

१७ ला टर्मिनला गेले, आणि खोलीत असताना ते पान मी बघितलंच नाही. इतके आठवडे वाट बघून कागद मिळाला, याच आनंदात उठले. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, पैसे मशीनमध्ये भरा. कॉरिडॉरमधल्या मशीनमध्ये १३ युरो भरले, पावती घेतली, बाकावर बसून घडी उघडली. फुली पहिल्या चौकटीत.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चार दिवसांनी गाडी.

तिथे आत जायचं तर स्क्रीनवर तुमचा नंबर यावा लागतो. माझा येऊन गेला होता. मी पुढच्या माणसाबरोबर दारात जाऊन उभी राहिले आणि माफी मागून कागद पुढे केला. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, व्हिसा १३ ला संपला, अर्ज आज १७ ला झाला. माझं जर्मन तेव्हा जेमतेम बाजारहाटाचं. तरी "ऑनलाइन", "नोव्हेंबर", "अकरा" हे शब्द मी सुटे सुटे तीनदा म्हटले. त्या म्हणाल्या, शंका असेल तर नवीन टर्मिन घ्या. हे ऐकल्यावर मात्र मी हलले नाही. आवाज चढवला नाही, नुसती उभी राहिले. ज्याचा नंबर होता तो सीरियन गृहस्थ मला म्हणाला, "घ्या वेळ, मला घाई नाही." त्याचे मी आजही आभार मानते.

फाइलमधून ती प्रिंट काढून टेबलावर ठेवली. तारीख ११.११.२०२४. बाईंनी ती वाचली, स्क्रीनवर काहीतरी शोधलं, मिळालं नाही. मग शेजारच्या खोलीतून एका वयस्क साहेबांना बोलावलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, प्रिंटवरच्या क्रमांकावर बोट ठेवून तो एकेक आकडा टाइप केला आणि म्हणाले, "श्टिम्ट." बरोबर आहे. माझा अर्ज पाच आठवडे त्यांच्याच सिस्टिममध्ये, बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी फोल्डरात, पडून होता. जुन्या कागदावर रद्दचा शिक्का बसला, नवा छापला गेला, फुली तिसऱ्या चौकटीत. परत १३ युरो मागितले नाहीत. बाई सॉरी म्हणाल्या नाहीत, मीही अपेक्षा केली नाही. सगळं मिळून चाळीस मिनिटं. बाहेर आल्यावर त्या गृहस्थाला चॉकलेट द्यावं असं वाटलं, पण तो आत गेला होता.

म्हणून सांगते, अर्जाचं ते मेल छापील जवळ ठेवा. फोनमध्ये असून चालत नाही, टेबलावर ठेवता आलं पाहिजे. आणि फिक्शन एकटं कामाचं नाही. पासपोर्ट आणि त्यातला संपलेला व्हिसा, दोन्ही त्याच्यासोबत लागतात. मी विद्यापीठाचं प्रमाणपत्रही घेतलं होतं. शक्यतो रेल्वेने जा. विमान कंपन्यांच्या काउंटरवरच्या मुलांना हा कागद ओळखीचा नसतो, आणि त्यांना कलम ८१ समजावत बसायची वेळ विमान सुटायच्या तासभर आधी नको.

प्रवास छान झाला, एवढंच म्हणते. ड्रेस्डेनपर्यंत सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवासपासावर, लोकल गाड्यांनी गेलो, पुढे प्रागपर्यंत तिकीट काढलं. जर्मनीतले नाताळचे बाजार बहुतेक २४ च्या आत आवरतात. प्रागच्या जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत असतो. २४ ला दुपारनंतर व्हिएन्नात दुकानं पटापट बंद झाली, आणि पुढचे दोन दिवस सुट्टीच. आम्ही २४ ची रात्र मेथीच्या ठेपल्यांवर आणि आईने पाठवलेल्या चिवड्यावर काढली. तुम्ही २३ लाच सामान भरून ठेवा. चेक आणि हंगेरीत युरो चालत नाही, कोरुना आणि फोरिंट लागतात. एटीएमने "युरोत बदलून देऊ का" विचारलं की नाही म्हणा, त्यांचा भाव वाईट असतो.

हो, एक राहिलं. रेल्वेचा पास घेणार असाल तर युरेल घेऊ नका, ते बाहेरून फिरायला येणाऱ्यांसाठी. इथे राहणाऱ्यांसाठी इंटररेल, आणि पासपोर्ट भारतीय असला तरी तुमचा पत्ता इथला आहे. २७ वर्षांपर्यंत सवलत असते. आम्ही नाही घेतला, तीनच शहरं होती. आमच्यातल्या एकीला लंडनही जोडायचं होतं. तिला कळेना की इतक्या जवळ असून वेगळा व्हिसा का. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, म्हणून दोन्हींना वेगळा लागतो.

आणि ज्यांना वाटतं की फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन महिने मोकळे मिळतात, त्यांच्यासाठी: तेव्हा फक्त लेक्चर्स नसतात. परीक्षा असतात, रिपोर्ट असतात, आणि बरेच जण गोदामात कामाला जातात, कारण विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. खरी सुट्टी नाताळचीच.

२ जानेवारीला बुडापेस्टहून ड्रेस्डेनकडे येणाऱ्या गाडीत दिवसभर बसलो होतो. बाड शांडाऊला, म्हणजे चेक सीमेजवळच्या जर्मन स्टेशनवर, पोलीस चढले. मैत्रिणींची कार्डं त्यांनी दोन सेकंदांत परत दिली. माझी घडी उघडून एकाने तिसरं पान उजेडाकडे धरलं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा खाली सरकत तिसऱ्या चौकटीवर आला, मग त्याने व्हिसाचं पान उलटून बघितलं, कागद नीट घडी करून दिला आणि पुढच्या डब्यात गेला. मी आईला मेसेज केला, "आले आत."

कार्ड तयार असल्याचं पत्र १२ फेब्रुवारीला आलं. ते घ्यायला या, असं त्यात लिहिलं होतं. त्यासाठी आधी टर्मिन घ्या, असंही.