रिकाम्या स्ट्रिंगचे तुकडे किती होतात?

"मुंबई,पुणे,नाशिक" अशी स्वल्पविरामांनी जोडलेली स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एक्सप्लोड या फंक्शनने किंवा जावास्क्रिप्टमध्ये स्प्लिटने तोडली की तीन घटकांचा ॲरे, म्हणजे यादी, मिळतो आणि इथपर्यंत कोणाचेच काही अडत नाही. पंचाईत होते ती स्ट्रिंग रिकामी असते तेव्हा. वापरकर्त्याने एकही टॅग भरला नसेल, तर ॲरेही रिकामाच यावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन्ही भाषांत एक घटक हाती येतो, तो म्हणजे रिकामी स्ट्रिंग. तर्काने पाहता हे योग्यच आहे, कारण तुकडे विभाजकांपेक्षा (इथे स्वल्पविरामांपेक्षा) नेहमी एकाने अधिक असतात. तरीही लांबी मोजणारा कोड पडद्यावर "१ टॅग" असे दाखवतो, किंवा डेटाबेसमध्ये एक बिननावाची नोंद जाऊन बसते.

यावर पीएचपीत अनेक जण ॲरे_फिल्टर हे घटक गाळणारे फंक्शन लावून मोकळे होतात. मला तो उपाय पुरता पटत नाही. कोणता घटक ठेवायचा ते ठरवणारे फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, न दिल्यास ते रिकाम्या घटकांबरोबर फक्त "0" एवढाच अंक असलेली स्ट्रिंगही गाळते, कारण पीएचपीच्या लेखी तीही असत्यच. शिवाय उरलेल्या घटकांच्या की, म्हणजे ॲरेतले त्यांचे क्रमांक, बदलत नाहीत. मधला घटक गळून ०, १, ३ अशा की राहिल्या, तर ब्राउझरकडे पाठवण्यासाठी डेटा जेसन स्वरूपात बदलणारे जेसन_एनकोड त्यातून ॲरेऐवजी ऑब्जेक्ट तयार करते आणि ब्राउझरमध्ये त्यावर मॅप (ॲरेच्या प्रत्येक घटकावर काम करणारी मेथड) चालवणारा कोड कोलमडतो. खापर मात्र फ्रंटएंडवाल्यावर फुटते. म्हणून आधी प्रत्येक घटकाला ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणे), मग रिकाम्या स्ट्रिंगशी काटेकोर तुलना करणारा कॉलबॅक आणि शेवटी की नव्याने ०पासून लावणारे ॲरे_व्हॅल्यूज, हा क्रम मी पाळतो.

घटकांची कमाल संख्या दोन्ही फंक्शनांना सांगता येते, पण अर्थ निराळा होतो. नाव आणि बेस६४ टोकन (अक्षरा-अंकांत सांकेतिक केलेला मजकूर) बरोबरच्या (=) चिन्हाने जोडलेले असून टोकनच्या शेवटीही तेच चिन्ह असेल, तर मर्यादा २ दिल्यावर एक्सप्लोड उरलेला सगळा मजकूर दुसऱ्या घटकात ठेवते, तर स्प्लिट पहिले दोनच तुकडे देते, उरलेला मजकूर टाकून देते आणि टोकनचे शेपूट नाहीसे होते.

सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलच्या) वाटेला तर ही दोन्ही फंक्शने नेऊच नयेत. अवतरणचिन्हांत लिहिलेला "सदाशिव पेठ, पुणे" हा पत्ता त्यांच्या हाती दोन रकान्यांत फाटतो; पीएचपीतले एसटीआर_गेटसीएसव्ही अवतरणचिन्हे ओळखून तो अखंड ठेवते.