सरांचा हिशेब आणि आमची मळी

आमच्या वर्गातल्या एका हुशार गड्याने फळ्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे समीकरण झटक्यात जुळवले होते. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी त्याने गुपचूप २ लिहिला. सर म्हणाले, "जुळलं खरं, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. आता पिऊन दाखव!" सूत्राच्या पायातला आकडा हलवायचा नाही, वाढवायचा तो सूत्राआधीचा, हे त्या दिवशी अख्ख्या वर्गाला पाठ झाले.

रासायनिक बदलात एकूण वजन तेवढेच राहते, हे पटवायला सरांचा भर मात्र तराजूवर. शंकुपात्रात सोडियम सल्फेटचे द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या परीक्षानळीत बेरियम क्लोराइड, वर घट्ट रबरी बूच. आधी वजन. मग पात्र तिरके केले की दोन पाण्यासारखी द्रावणे मिसळून दुधासारखा पांढरा साका. एवढे घट्ट काही तयार झाले म्हणजे वजन वाढणारच, यावर आमच्या बाकावर पैजा लागल्या. काटा जागचा हलला नाही. खायचा सोडा आणि लिंबू मात्र उघड्या भांड्यात घेतले, तर फसफसून पारडे वर. "काय पळालं?" एवढेच विचारून सर खडू झटकत उभे राहिले.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची गोष्ट ते रंगवून सांगत. १७७४ मध्ये त्याने कथील बंद पात्रात तापवले, वजन तेवढेच. तोंड फोडताच हवा सूं करून आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढले. धातूने आतली हवा खाल्ली होती! तराजूवर इतका विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे १७९४ मध्ये डोके उडवले गेले, याचे सरांना फार वाईट वाटे.

पुढे मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लागलो, जिथे मळी आंबवून अल्कोहोल काढतात. तिथे रोज मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत किती माल गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब, मांडावा लागतो. कागदावर १८० किलो ग्लुकोजचे ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे जवळपास निम्मा माल वायू! प्रत्यक्षात अल्कोहोल त्याहून कमीच, कारण थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला घेते, थोड्याचे ग्लिसरॉल होते. नवी पोरे तूट दिसली की आधी पाइपलाइनची गळती शोधत सुटतात. मी त्यांना फर्मेंटरवर, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीवर, नेऊन फेस दाखवतो. तो वायू पकडून, शुद्ध करून शीतपेयवाल्यांना विकताही येतो. न पकडणे हा निव्वळ आळस, असे माझे मत आहे.