पेशंट न बघता डिमेन्शिया कसा कळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तसं सांगलीची मावशी पण दर दिवाळीला फोनवर हेच विचारते, "अगं तू डॉक्टर नाहीस, पेशंट बघत नाहीस, मग कुणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय ते तुला कळतं कसं?"

कळत नाही गं, कोणीतरी लिहिलेलं असतं ते मी वाचते. इथे ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येकाचं नाव एका जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदवलेलं असतं, मेमरी क्लिनिकची, म्हणजे विस्मरणाची तपासणी करणाऱ्या दवाखान्याची, पत्रं पण तिथेच येतात आणि मग दवाखान्यातलं कोणीतरी ते पत्र बघून कॉम्प्युटरमध्ये त्या आजाराचा ठरलेला कोड टाकतं. आधी रीड नावाच्या यादीतले कोड होते, इंग्लंडमध्ये 2018 पासून स्नोमेड नावाच्या यादीतले. आम्हा संशोधकांच्या हातात नाव-पत्ता काढलेल्या ओळी, नावाऐवजी एक आकडा, तारीख, कोड, बस्स. जुन्या यादीत एफ110 दिसला की अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार.

पण सगळं इतकं सरळ कुठे! कधी आधी 'विस्मरणाची तक्रार' असा कोड, मग बी12 आणि थायरॉईडची तपासणी, मग दर महिन्याला डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी, आणि डिमेन्शियाचा कोड कुठेच नाही. मग गोळीवरून धरायचं, कारण ती गोळी उगीच कोणी देत नाही. आणि तारीख असते नोंदीची, विसरायला लागलेलं त्याच्या कितीतरी आधी.

बरं, लिहिलेलं तरी खरं का? एडिंबरात यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पातल्या लोकांचे पूर्ण कागद तज्ज्ञांनी तपासले, तर जीपीचा कोड असलेल्या 100 पैकी साधारण 87 जणांना डिमेन्शिया खरंच होता. नेमका कुठल्या प्रकारचा म्हटलं की मात्र गाडी घसरते, व्हॅस्क्युलरची, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणाऱ्या प्रकाराची, तर फारच. त्यात 2014 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने नव्या निदानामागे जीपींना 55 पौंड द्यायचं ठरवलं, केवढा आरडाओरडा झाला, काही महिन्यांत ते बंदही झालं, पण त्या काळातले आकडे बघताना मला आधी ते पैसेच आठवतात.

आणि जे दवाखान्यात गेलेच नाहीत ते आमच्या हिशेबात 'डिमेन्शिया नाही' मध्ये जातात. हे मला सगळ्यात खुपतं. मागच्या खेपेला मावशीच्या कपाटातली आजीची फाईल चाळली. बीपी, मोतीबिंदू, पडली तेव्हाचा एक्स-रे. रोज संध्याकाळी पिशवी भरून "मला माझ्या घरी सोडा" म्हणत दारात बसायची, त्याबद्दल एक ओळ नाही. घरात सगळे म्हातारचळ म्हणायचे.