वीज गेली तरी बेरीज चुकू नये

गोव्यात, सावईवेरेतल्या मामाच्या कुळागरात, म्हणजे बागेत, पोफळींखाली, मातीचा ओलावा मोजणारा एक छोटा बोर्ड मी पुरून ठेवलाय. त्याला बॅटरी नाही. मामाचं पालुपद ठरलेलं, "अरे, एक सेल घाल की! काय होतंय त्याला?" आमच्या पावसाळ्यात सेलच्या टोकांवर हिरवं चढतं, आणि निसरड्या पाटावरून तो बदलायला जाणार कोण?

त्या दाट सावलीत सोलर पॅनेलला झिरपेल तेवढाच उजेड. त्यावर वीज साठवणारा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हळूहळू भरतो. ३ व्होल्टवरून १.८ वर येईपर्यंत हाती लागते २८८ मायक्रोज्यूल ऊर्जा. १ मेगाहर्ट्झवरचा प्रोसेसर त्यात जेमतेम सेकंदभर चालतो, मग ठप्प. पुन्हा भरला की पुन्हा सुरू.

वीज कमी, हे दुखणं खरं नाहीच. दुखणं आहे अर्धवट राहिलेल्या कामाचं. माझ्या बोर्डावरच्या एमएसपी४३० एफआर मालिकेतल्या चिपमध्ये फेरोइलेक्ट्रिक मेमरी असते. वीज गेली तरी तिच्यातलं पुसत नाही. पण सरासरीसाठी मी 'बेरीज' आणि 'नोंदी' हे दोन आकडे तिथेच ठेवतो. बेरजेत नवं माप मिळवलं आणि नोंदी एकने वाढवायच्या आत वीज गेली, तर जाग आल्यावर प्रोग्राम तोच तुकडा पुन्हा चालवतो, तेच माप पुन्हा मिळवतो. माती कोरडी, आकडा ओला! गंमत म्हणजे इथे गोत्यात आणते ती टिकाऊ मेमरीच.

म्हणून दोन्ही आकड्यांच्या दोन प्रती. जुनीतून वाचायचं, नवे आकडे दुसरीत लिहायचे, आणि सगळ्यात शेवटी 'खरी प्रत कुठली' ही एकच खूण बदलायची. खूण बदलेपर्यंत वीज कितीदाही जावो, जुनी जोडी शाबूत.

हे तपासणं मात्र वैताग आहे. डीबगरची, म्हणजे चुका शोधायच्या यंत्राची, केबल जोडली की बोर्डाला तिच्यातूनच वीज मिळते आणि चूक दिसेनाशी होते.

राहिली वेळ. बोर्ड बंद पडला की किती वेळ बंद होता, हे त्याला कळत नाही. २०१२ साली 'टार्डिस' नावाच्या संशोधनात वीज गेल्यावर रॅममधले बिट किती विरले, त्यावरून तो अंदाज काढला होता. डोकेबाज! पण तापमान बदललं की तो हिशेब हलतो, आणि माझा बोर्ड तर रात्रभर झोपलेला. बोर्डाकडून माप घरातल्या रिसीव्हरवर येतं, मी आपला तिथेच वेळ टिपतो. मामाला हवं असतं पहाटेचं माप, पाणी सोडण्याआधीचं. ऊन वर आल्याशिवाय ते मिळणार नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.